विश्लेषण : गहू बंद केला, तरी त्रास का थांबत नाही? सिलिॲक रुग्णांची लक्षणे कशामुळे रेंगाळतात?

सिलिॲक आजाराचे निदान झाले की डॉक्टरांचा सल्ला एका वाक्यात मावतो : आजपासून ग्लुटेन बंद, कायमचे. पोळी जाते, पाव जातो, बिस्किटे जातात. ज्वारी, तांदूळ, नाचणीचे डबे भरले जातात. पहिल्या काही आठवड्यांत जुलाब कमी होतात, भूक लागते, चेहऱ्यावर तकाकी येते. आणि मग अनेकांची गाडी तिथेच अडते. सहा महिने, वर्ष उलटले तरी पोट फुगते, अधूनमधून जुलाब होतात, थकवा जात नाही. घरचे म्हणतात, ‘तू चोरून काहीतरी खातोस.’ काही डॉक्टर म्हणतात, ‘ताण घेऊ नका.’ रुग्ण स्वतः मात्र एकेक पदार्थ ताटातून काढत जातो. आधी दूध, मग डाळ, मग कांदा. शेवटी भात आणि बटाटा उरतो, वजन आणखी घटते.

या टप्प्यावरच्या रुग्णांसाठी वैद्यकशास्त्रात शब्द आहे, कारणांची यादी आहे आणि ती तपासण्याचा क्रमही ठरलेला आहे. तोच समजून घेऊ.

आजार नेमका काय?

गहू, जव आणि राय या धान्यांतल्या प्रथिनांना एकत्रितपणे ग्लुटेन म्हणतात. सिलिॲक रुग्णाच्या शरीरात ग्लुटेन गेले की रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या अस्तरावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. अन्नरस तिथूनच रक्तात जातो. ते झिजून सपाट झाले की खाल्लेले अंगी लागत नाही. ही ॲलर्जी नाही आणि ‘गहू पचत नाही’ इतकी साधी गोष्टही नाही. हा स्वप्रतिकार आजार आहे.

आपल्याकडे हा आजार दुर्मीळ आहे, हा समज जुना झाला. दिल्लीच्या ‘एम्स’च्या तज्ज्ञांनी राजधानी परिसरात केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण शंभरातल्या एकाला तो आढळला होता. पुढे २०१६ मध्ये उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारताची तुलना झाली. आजाराला पूरक जनुके तिन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात होती, पण आजार उत्तरेत कितीतरी जास्त होता. फरक ताटात होता. उत्तरेत माणशी रोजचा गहू साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, तर दक्षिणेत अवघा २५ ग्रॅम. भाकरी आणि भातावर वाढलेल्या आणि गेल्या दोन-तीन पिढ्यांत पोळीकडे वळलेल्या महाराष्ट्राने ही आकडेवारी लक्षात ठेवावी अशी आहे.

बरे व्हायला किती वेळ लागतो?

इथे बहुतेकांची पहिली गफलत होते, कारण हे कुणी नीट सांगतच नाही. लक्षणे कमी होणे आणि आतडे भरून येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुलाब काही आठवड्यांत कमी होऊ शकतात. रक्तातील लोह भरून यायला महिने लागतात. आतड्याचे अस्तर मात्र आपल्या गतीने चालते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या तज्ज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आहार सुरू केल्यावर दोन वर्षांनी केवळ ३४ टक्के प्रौढ रुग्णांचे अस्तर पूर्ववत झाल्याची खात्री झाली होती. पाच वर्षांनी हे प्रमाण ६६ टक्के होते. लहान मुलांची आतडी तुलनेने लवकर सुधारतात.

म्हणजे चाळिशीत निदान झालेल्या व्यक्तीला सहाव्या महिन्यात पूर्ण बरे वाटत नसेल, तर त्यात अघटित काही नाही. पण सहा ते बारा महिने पथ्य पाळूनही लक्षणे कायम असतील, सुधारणा थांबली असेल किंवा गेलेला त्रास परत आला असेल, तर ‘वाट पाहू’ म्हणून सोडून देता येत नाही. या अवस्थेला ‘नॉन-रिस्पॉन्सिव्ह सिलिॲक’ म्हणतात, म्हणजे आहाराला अपेक्षित प्रतिसाद न देणारा आजार.

पहिला संशयित कोण?

बोस्टनमधील तज्ज्ञांनी २००७ मध्ये ६०३ सिलिॲक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी ११३ जण, म्हणजे १९ टक्के, या गटात मोडत होते. त्यांच्या त्रासाचे कारण शोधल्यावर पहिल्या क्रमांकावर निघाले ते ग्लुटेनच : ३६ टक्के. त्याखालोखाल इरिटेबल बॉवेल सिंड्रोम २२ टक्के, काटेकोर पथ्यालाही दाद न देणारा ‘रिफ्रॅक्टरी’ प्रकार १० टक्के, दुधातील लॅक्टोज न पचणे ८ टक्के आणि मोठ्या आतड्याचा मायक्रोस्कोपिक कोलायटिस ६ टक्के.

रुग्ण मुद्दाम गहू खातात असा याचा अर्थ नाही. बहुतेकदा तो नकळत जातो. किती गेला तर नुकसान होते, याचे उत्तरही आहे. इटलीतील तज्ज्ञांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पथ्यावर असलेल्या रुग्णांना ९० दिवस रोज ठरावीक मात्रेत ग्लुटेनची कॅप्सूल दिली. रोज ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसला. रोजचे १० मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण बहुतेकांना चालते, असे साधारण मानले जाते.

५० मिलिग्रॅम म्हणजे किती? एका पोळीला ३० ते ३५ ग्रॅम कणीक धरा. त्यात ग्लुटेन असते अडीच ते तीन ग्रॅम. म्हणजे ५० मिलिग्रॅम हा पोळीचा पन्नासावा-साठावा भाग झाला. पोळी मोडताना ताटात पडणारा चुरा तेवढा भरेल. ‘एवढ्याशाने काय होते’ या घरोघरच्या प्रश्नाचे उत्तर या आकड्यात आहे.

गिरणी, घरघंटी आणि हिंगाची डबी

मराठी घरात गहू बंद झाला की त्याची जागा ज्वारीची भाकरी घेते. ज्वारीत ग्लुटेन नसते. पण ज्वारी दळली कुठे जाते? कोपऱ्यावरच्या गिरणीत, आधीच्या गिऱ्हाइकाच्या गव्हानंतर. समजा, दोन किलो ज्वारीच्या पिठात एक टक्का कणीक मिसळली. म्हणजे २० ग्रॅम, दोन-तीन मोठे चमचे. दिसणारही नाही. पण अशा पिठाच्या दोन भाकऱ्यांतून साधारण १०० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जाते, वर सांगितलेल्या मात्रेच्या दुप्पट. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘एफएसएसएआय’च्या नियमानुसार ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. आपल्या या भाकरीच्या पिठात ते किलोमागे ८०० मिलिग्रॅमच्या आसपास भरते. ‘भाकरीच खातो, तरी त्रास होतो’ असे म्हणणाऱ्यांनी आधी इथे पाहावे.

घरघंटी असली तरी तीत गहूही दळला जात असेल, तर फरक पडत नाही. ‘आधी तांदूळ फिरवून घ्या’ हा उपाय अर्धवट आहे, कारण पीठ पाळ्यांच्या आणि चाळणीच्या कोपऱ्यात राहतेच. सिलिॲक रुग्णाच्या घरात घरघंटी घ्यायचीच असेल, तर तीत गहू कधीच पडू नये आणि घरच्या बाकीच्यांची कणीक बाहेरून यावी. धान्यही निवडून, धुऊन, वाळवून घ्यावे, कारण पोत्यातच गव्हाचे दाणे मिसळलेले असतात. दुकानातली तयार पिठे सुरक्षितच असतात असेही नाही. अमेरिकेत २०१० मध्ये मुळातच ग्लुटेन नसलेल्या धान्यांचे आणि पिठांचे २२ नमुने तपासले गेले, त्यांपैकी सातांत ग्लुटेन मर्यादेपेक्षा जास्त निघाले. त्यामुळे पाकिटावर नुसते ‘ज्वारी’ किंवा ‘नाचणी’ लिहिलेले असणे आणि ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेले असणे यात फरक आहे.

सिलिॲकचा विषय निघाला की सर्वाधिक चर्चा होते ती हिंगाची. डबीतल्या हिंगाच्या पुडीत अनेकदा मैदा किंवा कणीक असते हे खरे. पण हिशोब करून पाहा. चिमूटभर म्हणजे फार तर २०० मिलिग्रॅम हिंग, त्यातला बराचसा मैदा धरला तरी ग्लुटेन दहा-बारा मिलिग्रॅम, आणि ती आमटी चौघांत वाटली जाते. हिंग बदलावाच, कारण तांदळाच्या पिठाचा किंवा नुसत्या डिंकाचा हिंग मिळतो आणि दोन्ही जेवणे, पापड, लोणचे, मसाला मिळून बेरीज वाढते. मात्र हिंग बदलून गिरणी तीच ठेवली, तर छोटी गळती बुजवून मोठी उघडी ठेवल्यासारखे होते.

मेतकूट हे त्याहून फसवे. पोट बिघडले की मऊ भात आणि मेतकूट हा आपल्याकडचा हमखास उपाय. बहुतेक घरांतल्या मेतकुटात डाळी आणि तांदळाबरोबर मूठभर गहू भाजून घातलेला असतो. म्हणजे त्रास झाला की रुग्ण औषध समजून त्याच त्रासाचे कारण खातो. थालीपिठाच्या भाजणीतही अनेक जण गहू घालतात. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. मुलांच्या दुधात घालायच्या माल्टयुक्त पावडरीत जवाचा माल्ट असतो, कॉर्नफ्लेक्समध्येही तो चवीसाठी घालतात. सोया सॉसमध्ये गहू असतो.

आणि खपली गहू. ‘कमी ग्लुटेनवाला’, ‘पचायला हलका’ म्हणून तो सध्या जोरात विकला जातो. मधुमेही काय करतात तो वेगळा विषय, पण खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे आणि सिलिॲक रुग्णासाठी तो वर्ज्यच आहे. बन्सी रवा, शेवया, सॉरडो ब्रेड यांचेही तेच.

पूजेचा प्रसाद हा भावनेचा मामला. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, रवा गव्हाचा. ‘प्रसादाला नाही म्हणू नये’ म्हणून घेतलेला एक चमचा आठवडाभराच्या पथ्यावर पाणी फिरवतो. उपवासाचे पदार्थ मात्र मित्र ठरतात : साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा यांपैकी कशातच ग्लुटेन नाही. अट एकच, राजगिऱ्याचे पीठ गव्हाच्या गिरणीतून आलेले नसावे आणि साबुदाणा वडा समोशाच्या तेलात तळलेला नसावा. स्वयंपाकघरातही लाकडी पोळपाट-लाटणे, पिठाची चाळणी, कणीक मळायची परात आणि तळणीचे तेल वेगळे लागते. स्टीलची भांडी नीट घासली की पुरतात.

रक्ताचा अहवाल ‘नॉर्मल’ आला तर?

पाठपुराव्यासाठी टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडांची रक्तचाचणी सहा आणि बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा केली जाते. वर्षभरानंतरही आकडा चढाच असेल, तर ग्लुटेन कुठून तरी जाते आहे असे समजून शोध घ्यावा लागतो. उलट मात्र खरे नाही. आकडा नॉर्मल आला म्हणजे आतडे बरे झाले किंवा थोडेही ग्लुटेन जात नाही, असे सिद्ध होत नाही. थोड्या, अधूनमधून होणाऱ्या संपर्काला ही चाचणी चुकवू शकते. शिवाय काहींच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असते, त्यांच्यात ही चाचणी दिशाभूल करते. म्हणून लक्षणे टिकून असतील तर अनेकदा पुन्हा एंडोस्कोपी करून बायोप्सी घेतली जाते. अस्तर सपाटच असेल तर तपास एका दिशेने जातो, भरून आले असेल तर दुसऱ्या.

इथे आहारतज्ज्ञ महत्त्वाचा, आणि आपल्याकडे तीच कडी कच्ची आहे. छापील यादी हातात देणे म्हणजे आहारसल्ला नव्हे. दळण कुठून येते, मसाला कोण बनवते, डबा कोण भरते, दुपारी कँटीनमध्ये काय खाता, हे विचारणारा माणूस लागतो. जाण्यापूर्वी दोन आठवडे खाल्लेला प्रत्येक पदार्थ आणि त्रासाची वेळ लिहून ठेवावी. पाकिटांचे फोटो काढून ठेवले तर उत्तम. घटकांची यादी आणि गव्हाचा उल्लेख पाकिटावर करणे उत्पादकांना बंधनकारक आहे.

ग्लुटेन खरोखर शून्य असेल, तर मग?

मग यादीतले पुढचे. दूध पचवणारे लॅक्टेज हे एन्झाइम व्हिलायच्या टोकाशी तयार होते. व्हिलाय झिजले की तेही घटते आणि दूध प्यायले की पोट फुगते. आतडे भरून आले की हे बऱ्याच जणांचे सुधारते, त्यामुळे दूध कायमचे सोडण्याची घाई नको. दही आणि ताक अनेकांना चालते. कॅल्शियमची गरज या रुग्णांना इतरांपेक्षा जास्तच असते, कारण हाडे आधीच कमकुवत झालेली असू शकतात.

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम असेल तर कांदा, लसूण, राजमा, काही फळे यांतील आंबणारी कर्बोदके त्रास देतात. इथेच लोक भाराभर पदार्थ एकदम सोडतात आणि कशाने फरक पडला ते कळतच नाही. एका वेळी एक गट, दोन-चार आठवडे, आणि मग परत सुरू करून पाहणे हा क्रम आहे. कोडमधला बग शोधताना दहा ओळी एकदम बदलत नाहीत, तसेच हे.

लहान आतड्यात जिवाणूंची बेसुमार वाढ झाली असेल, तर श्वासाच्या चाचणीने अंदाज येतो आणि प्रतिजैविकांचा कोर्स देतात. स्वादुपिंड पुरेसे पाचकरस सोडत नसेल, तर तेलकट, तरंगणारा शौच होतो. विष्ठेतील इलास्टेजच्या चाचणीने ते कळते आणि जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल घेतल्या की फरक पडतो. पाण्यासारखे जुलाब थांबतच नसतील तर मायक्रोस्कोपिक कोलायटिससाठी कोलोनोस्कोपी लागते. त्यात आतडे डोळ्यांना साफ दिसले तरी बायोप्सी घ्यावी लागते, कारण हा आजार सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. ही सगळी कारणे उपचार असलेली आहेत. ‘पथ्य पाळत नाही’ असा शिक्का मारून रुग्णाला परत पाठवले, की नेमकी हीच निसटतात.

बद्धकोष्ठ झाले असेल तर पाकिटबंद ग्लुटेन-फ्री बिस्किटे आणि ब्रेडकडे पाहा. त्यांत स्टार्च आणि तूप-तेल भरपूर, तंतू जेमतेम. नाचणी, ज्वारी, भाज्या आणि डाळी यांना पर्याय नाही.

थकवा का जात नाही?

पोट ठीक झाले तरी डोके जड, लक्ष लागत नाही, जिना चढताना धाप, ही तक्रार सर्रास असते. त्यासाठी हिमोग्लोबिन एकटे पुरत नाही. साठवलेल्या लोहाचे माप असलेले फेरिटिन, बी-१२, फॉलिक ॲसिड आणि डी जीवनसत्त्व तपासावे लागते. आतडे झिजलेले असताना लोहाच्या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत, त्यामुळे काहींना लोह शिरेतून द्यावे लागते. शाकाहारी रुग्णांत बी-१२ आधीच कमी असण्याची शक्यता मोठी. शिवाय सिलिॲक रुग्णांत थायरॉइडचे स्वप्रतिकार आजार आणि टाइप-१ मधुमेह इतरांपेक्षा जास्त आढळतात. थकव्याचे मूळ थायरॉइडमध्ये असेल, तर कितीही कडक पथ्याने तो जाणार नाही. लग्नात, ऑफिसच्या पार्टीत, प्रवासात सतत सावध राहण्याचा मानसिक शीणही खराच असतो. चिंता आणि नैराश्य यांवर उपचार घेणे म्हणजे ‘सगळे मनाचे खेळ’ हे मान्य करणे नव्हे.

निदानच चुकले असेल तर?

भारतात हा प्रश्न विचारावाच लागतो. व्हिलाय सपाट करणारा सिलिॲक हा एकमेव आजार नाही. ट्रॉपिकल स्प्रू, जिआर्डियाचा संसर्ग, आतड्याचा क्षयरोग, क्रोन्स डिसीज यांतही बायोप्सीचे चित्र सारखे दिसू शकते. रक्तदाबावरच्या ओल्मेसार्टन या औषधानेही हुबेहूब असाच त्रास होऊ शकतो, हे २०१२ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी लक्षात आणून दिले. टीटीजी न करता केवळ बायोप्सीवरून किंवा चाचणीआधीच गहू सोडून निदान झाले असेल, तर जुने अहवाल नव्याने तपासले पाहिजेत. एचएलए जनुकांची चाचणी इथे कामाला येते. डीक्यू-२ आणि डीक्यू-८ दोन्ही नसतील, तर सिलिॲक असण्याची शक्यता जवळपास मावळते. मात्र स्वतःच्या मनाने गहू परत सुरू करून ‘बघू काय होते’ हा प्रयोग डॉक्टरांशिवाय करू नये. तसेच रक्तदाबाची गोळीही परस्पर बंद करू नये.

‘रिफ्रॅक्टरी’ म्हटले की घाबरायचे का?

बारा महिने खरोखर काटेकोर पथ्य पाळूनही अपशोषणाची लक्षणे आणि सपाट व्हिलाय दोन्ही कायम असतील, आणि वरची सगळी कारणे नाकारली गेली असतील, तरच हा शब्द वापरतात. एकूण सिलिॲक रुग्णांत हे फार थोडे. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात ब्युडेसोनाइडसारख्या स्टिरॉइडने बहुतेकांना आराम पडतो. दुसऱ्या प्रकारात आतड्यातील पेशी बदललेल्या असतात आणि त्यातून लिम्फोमा हा कर्करोग उद्भवण्याचा धोका असतो, त्यामुळे तो मोठ्या केंद्रात हाताळावा लागतो. वजन घटतच राहणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, शौचात रक्त, सततचा ताप, पायावर सूज यांपैकी काही असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

औषध येते आहे का?

गहू आणि या आजाराचा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९४० च्या दशकात दाखवला. तेव्हापासून आजतागायत उपचार एकच : ग्लुटेन टाळणे. आशा लावलेल्या लाराझोटाइड या औषधाची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी २०२२ मध्ये थांबवण्यात आली. झेडईडी-१२२७ या गोळीचे दुसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा आठवडे रोज ३ ग्रॅम, म्हणजे साधारण एका पोळीइतके ग्लुटेन खाऊनही, गोळी घेणाऱ्यांच्या आतड्याचे नुकसान न घेणाऱ्यांपेक्षा कमी झाले. अशा औषधांकडे संशोधक पाहतात ते पथ्याला जोड म्हणून, नकळत पोटात जाणाऱ्या ग्लुटेनचा मारा सौम्य करण्यासाठी.